पाणी थांबवायचे नाही

मत्स्यालय पाहायला गेलेला माणूस काचेसमोर उभा राहतो. काचेमागे नळ आहेत, पंप आहेत, जमिनीखाली हौद आहे, याची त्याला कल्पना नसते आणि तशी गरजही नसते. मासे पोहताहेत, मुले खूश आहेत, एवढे पुरे असते. पण काचेच्या गोल भांड्यात दोन सोनमासे जगवणे आणि समुद्रातले मासे, झिंगे, समुद्रफुले घरात जगवणे यांत जो फरक आहे, तो बव्हंशी या मागच्या नळांत आहे. त्या नळांचा इतिहास जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा. आपल्याकडे त्यावर कोणी फारसे लिहिलेले दिसत नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, पोटासाठी सरकारी कचेरीत कारकुनी करतो आणि गेली काही वर्षे घरात खाऱ्या पाण्याची एक टाकी बाळगून आहे. तेव्हा हा विषय माझ्याच वाट्याला यायचा होता असे म्हणायला हरकत नाही.

या छंदातला सर्वांत अवघड प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर मी सांगेन: चालू टाकीची नळजोडणी बदलणे. नवी टाकी मांडणे सोपे. पैसे असले की झाले. पण जिच्यात जीव नांदताहेत, पाणी फिरते आहे, अशा टाकीचे गाळण बदलायचे असेल तर काय करायचे? घरातला नळ बदलताना आपण आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो. इथे तो बंद करता येत नाही. का येत नाही, हे माणसाला कळायला बरीच वर्षे लागली. आजचा लेख त्याबद्दल.

आरंभ एका बाईपासून करावा लागतो. इंग्लंडमध्ये अॅना थिन नावाच्या बाई होत्या. नवरा मोठा धर्माधिकारी, बिऱ्हाड लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीच्या आवारात. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना दगडी प्रवाळ दिसले आणि ते त्यांनी बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी मोजके. ते शिळे होऊ नये म्हणून त्यांनी युक्ती केली. रोज उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे. अर्धा-पाऊण तास हेच चालायचे. ओतताना वारा लागतो, पाण्यात हवा मिसळते. चहा गार करताना आपण करतो तसेच. काम कंटाळवाणे. बाईंनी ते घरातल्या एका लहान मोलकरणीकडे सोपवले. पुढे १८५९ साली बाईंचा लेख विज्ञानविषयक मासिकात छापून आला, त्यांचे नाव इतिहासात गेले. मोलकरणीचा उल्लेख नुसता मोलकरीण म्हणून राहिला. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा पहिला पंप ही मुलगी होती, असे मला वाटते. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी एका काचेच्या भांड्यात दोन मासे, एक पाणवनस्पती आणि थोड्या गोगलगायी ठेवल्या आणि पाणी न बदलता सगळे कसे जगते ते पाहिले. वनस्पती प्राणवायू सोडते, मासे तो घेतात. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते. कुजलेली पाने गोगलगायी खातात. हिशोब जुळला. १८५० साली त्यांनी तो केमिकल सोसायटीपुढे मांडला आणि लगेच समुद्राच्या पाण्यावर तोच प्रयोग हिरवे समुद्रशेवाळ घालून सुरू केला. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याचे वेड पसरले.

ही वेडाची लाट लवकर ओसरली. कारण साधे होते. घरोघरी पाणी हिरवे व्हायचे, मग गढूळ, मग घाण वास आणि सकाळी सगळे मेलेले. वॉरिंग्टनांचा हिशोब चुकीचा नव्हता, पण त्यात एक रकमेची नोंदच नव्हती. ती कोणती, हे पुढे सांगतो.

या टप्प्यावर मला सर्वांत आवडणारा माणूस येतो: विल्यम आल्फर्ड लॉइड. हा शास्त्रज्ञ नव्हे. पुस्तकबांधणीच्या धंद्यातला, हाताने काम करणारा, स्वतःच्या नादाने शिकलेला माणूस. लंडनमध्ये त्याने मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान काढले होते. तेव्हा एडवर्ड एडवर्ड्स नावाच्या एका गृहस्थाने अशी टाकी केली होती, की जिच्या उतरत्या पाठीमागे एक अंधारा कप्पा असे. उजेडातले हिरवट झालेले पाणी अंधारात ठेवले की निवळते, हा अनुभव तिच्या मुळाशी होता. लॉइडने त्या अंधाऱ्या कप्प्याचा हौद केला. टाकी लहान आणि हौद मोठा. थोडाथोडका मोठा नव्हे, टाक्यांतल्या पाण्याच्या चार-पाच पट. हौद जमिनीखाली, अंधारात आणि थंडाव्यात. पंपाने पाणी हौदातून उंचावरच्या टाकीत चढवायचे, तिथून ते एका टाकीतून दुसरीत उतरत उतरत पुन्हा हौदात यायचे. बारीक धार जोराने टाकीत सोडायची, म्हणजे तिच्याबरोबर हवेचे बुडबुडे खोल जातात. पाणी बदलायचे नाही, फक्त फिरवायचे. रात्रंदिवस.

हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात १८६४ साली त्याने हे करून दाखवले. मग १८७१ साली लंडनजवळ सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसच्या आवारात, आपल्या मनासारखे मोठे मत्स्यालय उभे केले. समुद्राचे पाणी ब्रायटनहून आगगाडीने आणले. तिथल्या नळांचा तपशील वाचण्यासारखा आहे. समुद्राचे पाणी धातू खाते हे कोणाही गोवेकराला सांगायला नको. आपल्या खिडक्यांच्या गजांना विचारा. पण मत्स्यालयात गंजापेक्षा मोठे भय वेगळे असते. तांब्या-शिशाचा अंश पाण्यात उतरला की झिंगे, समुद्रफुले, शिंपले आधी मरतात. म्हणून लॉइडने पंप आणि नळ व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे करून घेतले. आणि यंत्रे दुहेरी ठेवली. बाष्पयंत्र, पंप, सगळे जोडीचे. एक चालू असताना दुसरे तयार. एकाची दुरुस्ती करायची असेल तर आधी दुसरे सुरू करायचे, मग पहिल्याला हात लावायचा.

म्हणजे पाहा, चालू मत्स्यालयाची नळजोडणी कशी बदलायची, याचे उत्तर लॉइडने १८७१ साली आराखड्यातच घालून ठेवले होते. थांबवू नये, हे त्याला ठाऊक होते. का थांबवू नये, याचे त्याचे उत्तर मात्र अर्धे होते. त्याच्या मते फिरत्या पाण्याला हवा लागते आणि घाण जळून जाते. हे खरे, पण जाळते कोण?

इटलीत नेपल्सला अंतोन डोर्न नावाचा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ त्याच सुमारास समुद्रसंशोधनाचे केंद्र उभारत होता. १८७२ साली ते स्थापन झाले, १८७४ साली तळमजल्यावरचे मत्स्यालय लोकांसाठी उघडले. वर प्रयोगशाळा, खाली तिकीट लावलेले मत्स्यालय. खालच्या पैशाने वरच्या संशोधनाला हातभार, अशी योजना. पाण्याच्या यंत्रणेसाठी डोर्नने लॉइडचाच सल्ला घेतला. लॉइड १८८० साली वारला. पुस्तकबांधणीतल्या माणसाने आखलेल्या नळांतले पाणी युरोपातल्या विद्वानांच्या टेबलापर्यंत पोचले, याचा मला कारकून म्हणून थोडा जास्तच आनंद होतो. योगायोग असा, की १८७२ सालीच ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने उन्हात राहिलेल्या एका वायूचा पांढरा घन पदार्थ झालेला नोंदवला. तो आजचा पीव्हीसी. त्याचे नळ व्हायला १९३० चे दशक उजाडावे लागले. आज मडगावच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पांढरा-करडा पाईप लॉइडच्या हाती असता तर त्याचे अर्धे आयुष्य सोपे झाले असते.

आता त्या राहिलेल्या रकमेकडे येऊ. मासा श्वास घेतो तसा अमोनियाही सोडतो. उरलेले अन्न कुजते, त्याचाही अमोनिया होतो. हे विष आहे. समुद्राच्या पाण्यात तर जास्तच, कारण त्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. गोड्या पाण्यातल्या माशाला जे सोसते ते समुद्रातल्याला सोसेलच असे नाही. वॉरिंग्टनांच्या हिशोबात प्राणवायू होता, कार्बन डायऑक्साइड होता, अमोनियाचा विचार नव्हता.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी एक प्रयोग केला. तो मत्स्यालयाचा नव्हता, गटाराच्या पाण्याचा होता. वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून ते पाणी हळूहळू सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही, अमोनिया आत जायचा तसाच बाहेर यायचा. मग एकाएकी तो नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस कशाला लागले? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. मग मातीचे थोडे पाणी घातले, क्रिया हळूहळू पुन्हा सुरू झाली. अर्थ उघड होता. वाळू काही करत नाही. वाळूवर कोणीतरी राहायला आले आहे आणि ते काम करते आहे.

हा प्रयोग वाचून इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात एका माणसाने तेच काम पुढे अनेक वर्षे केले. हे काम दोन पायऱ्यांत होते, अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, आणि दोन्ही पायऱ्यांचे जीव वेगळे, इथपर्यंत तो पोचला. जीव वेगळे काढून दाखवणे त्याला जमले नाही. ते १८९० साली विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने केले. पण त्या इंग्रज माणसाचे नाव महत्त्वाचे आहे. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. मघाशी भेटलेल्या वॉरिंग्टनांचा मुलगा!

बापाने मत्स्यालयाचा ताळेबंद मांडला, त्यात एक रक्कम राहून गेली. ती रक्कम मुलाने शोधली, पण शेतातल्या मातीत. बाप १८६७ साली वारला होता. मुलाने मातीत जे पाहिले ते टाकीतही चालते, हे मत्स्यालयवाल्यांच्या कामकाजात उतरायला त्यानंतर जवळपास शंभर वर्षे गेली. अमेरिकेत स्टीफन स्पॉट यांनी १९७० साली बंदिस्त पाण्यातल्या मत्स्यपालनावर पुस्तक लिहिले, तेव्हा जिवाणूंचे गाळण हा विषय छंदिष्टांच्या आणि मत्स्यालयांच्या रोजच्या बोलण्यात पक्का बसला. आमच्या कचेरीत एकाच खात्याच्या दोन सेक्शनांत एकमेकींना पूरक फाईली वर्षानुवर्षे पडून असतात आणि दोघांनाही दुसरीचा पत्ता नसतो. ते पाहत आल्यामुळे मला या गोष्टीचे नवल वाटले नाही. वाईट मात्र वाटले. त्या शंभर वर्षांत किती टाक्यांतले मासे रातोरात मेले असतील!

लॉइडचा अंधारा हौद का चालत होता, हेही मग उलगडते. हौदाच्या भिंती, नळांच्या आतल्या बाजू, टाक्यांतले खडक या सगळ्यांवर ते जीव पसरून बसले असणार. त्यांना उजेड लागत नाही. वाहते पाणी आणि त्यातला प्राणवायू लागतो. म्हणजे ज्याला आपण गाळणी म्हणतो ती चहाच्या गाळणीसारखी वस्तू नाही. ती एक वस्ती आहे. पाणी थांबले की तिचा प्राणवायू संपतो, काही तासांत ती गुदमरते, आणि डबा बंद असेल तर आत कुजायला लागते. पुन्हा पंप सुरू केला की ती सगळी घाण थेट माशांवर. शिवाय वस्ती मेली की नवी बसायला पुन्हा तीन-चार आठवडे, आणि मासे तर रोज अमोनिया सोडतच असतात.

हे समजल्यावर पुढच्या पन्नास-साठ वर्षांत झालेले सगळे बदल एकाच दिशेचे दिसतात. १९५० च्या सुमारास रेतीखालची जाळी आली, ती म्हणजे रेतीलाच वस्ती करण्याची युक्ती. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवून आणि नुसते हवेचे बुडबुडे सोडून प्रवाळ जगवले. वस्ती बांधायची कशाला, बसलेलीच आणावी असा तो विचार. जर्मनीत फेस काढणारे यंत्र रुजले, घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत टाकीखाली दुसरी टाकी ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. हिला आज सगळे 'सम्प' म्हणतात. नीट पाहिले तर तो लॉइडचाच हौद आहे, कपाटात मावेल एवढा केलेला. (आपल्याकडे जिवंत खडक समुद्रातून आणू नये. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. ग्रँड आयलंडजवळचे प्रवाळ तिथेच शोभतात.)

माझ्या टाकीला मी असा हौद जोडला, त्याचे थोडे सांगतो. काही वाचकांना उपयोग होईल. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. आत दोन क्लाऊन मासे, एक डॅमसेल, एक झिंगा आणि काही शंखातले खेकडे. गाळण म्हणून बाहेर एक बंद डबा-फिल्टर. टाकी घेतानाच मागच्या काचेला वरच्या बाजूस दोन भोके पाडून त्यांना टँक निपल बसवून बूच लावून ठेवले होते. आता त्यांचे काम निघाले. ओळखीच्या एका प्लंबरला घरी बोलावले. टाकी पाहून त्याने धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, "मेन व्हॉल्व्ह खंय?" मी म्हटले, दर्याला असतो तिथेच. तो हसला आणि पुढे सगळे काम मनापासून केले.

पहिली गोष्ट, दोन उतरते नळ. एकावर बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करता येतो. दुसरा थोडा उंच आणि त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नाही. पहिल्यात शेवाळ किंवा गोगलगाय अडकली तर दुसरा घर वाचवतो. त्याच्यावर व्हॉल्व्ह बसवण्याचा मोह कोणी कितीही सुचवला तरी टाळावा. पंपाजवळ युनियन, म्हणजे पंप धुवायला काढताना पाईप कापावा लागत नाही. सगळे आधी कोरडे जोडून पाहिले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि मगच सोल्युशन लावले. चिकटवण्याचे काम बाल्कनीत. दोन दिवस वाळवून साधे पाणी भरले आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरले. थेंब डोळ्याला दिसत नाही, पण कागद सांगतो.

दुसरी गोष्ट, वीज. आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर लाईट जाते. पंप थांबला की वरचे पाणी खाली उतरते. किती उतरेल याचा हिशोब आधी करायचा. १२० गुणिले ४५, दर अडीच सेंटिमीटरला, म्हणजे इंचाला, साडेतेरा लिटर. दीड इंच उतरले तर वीस लिटर, शिवाय नळांतले. खालच्या टाकीत तीस लिटरची जागा कायम रिकामी ठेवली. वर जाणारा पाईप पाण्यात बुडलेला असतो, तो उलटा ओढू लागतो; म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्याला एक बारीक भोक. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मग मुद्दाम पंप बंद करून पाहायचा. विजेने परीक्षा घेण्याआधी आपण घेतलेली बरी.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी वरचा सगळा इतिहास सांगितला. नवा हौद सुरू केला त्या दिवशी जुना डबा काढला नाही. दोन्ही सहा आठवडे बरोबरीने चालवले. हौदासाठी लागणारे खारे पाणी आदल्या दिवशी कालवून, फिरते ठेवून, टाकीइतक्याच घनतेचे, १.०२५ चे, केले. चौथ्या आठवड्यात डब्यातला निम्मा स्पंज काढून हौदात ठेवला. जुन्या वस्तीतली माणसे नव्या वाड्यात राहायला गेली म्हणायची. उरलेला निम्मा सहाव्या आठवड्यात. त्या काळात मासे अर्धपोटी ठेवले, अमोनिया रोज तपासला, आणि स्पंज धुवायचा तर टाकीतल्याच पाण्यात, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात नाही. सगळी वस्ती सरकली असे दिसल्यावर डबा बंद केला. प्रत्यक्ष जोडणीला अर्धा तास लागला असेल. बाकीचा दीड महिना वाट पाहण्याचा होता.

हे सगळे लिहिताना मला सतत आपली खाजने आठवत होती. हा माझा गोवेकरी स्वभाव समजा. पण साम्य वरवरचे नाही. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याची चालती यंत्रणाच. नदीकाठाला मातीचा-चिऱ्यांचा बांध, बांधात मानस, मानशीला लाकडी दारे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते आणि दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही, उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मात्र शेकडो वर्षांपूर्वीचा. आत भाताचे शेत, मानशीपाशी खोल पाणी आणि त्यात मासळी. पावसाळ्यात मांडवी-झुवारीचे पाणी जवळपास गोडे होते, जमिनीतले मीठ धुऊन जाते आणि भात उभे राहते. पिकानंतर काही ठिकाणी खारे पाणी आत घेऊन मासळी धरतात. आपल्या टाकीला मी जे आकडे पाळतो, ते इथे गावे मिळून सांभाळत होती.

आणि इथेही मुख्य व्हॉल्व्ह नाही. भरती कोणासाठी थांबत नाही. बांधाचे काम भांगाचे दिवस पाहून, ओहोटीच्या वेळात, जेवढे पुरे होईल तेवढेच हाती घेऊन करावे लागते. आधी आतून आधार, मग जुन्याला हात. बांध फुटला आणि वेळेवर बुजवला नाही की खारे पाणी आत बसते. गोव्यात कित्येक ठिकाणी असे झाले आहे. भाताच्या जागी आज तिथे खारफुटी उभी आहे. तिचाही उपयोग आहे, पण ते खाजन उरत नाही, आणि गेलेले शेत एका वर्षात परत येत नाही.

नवी योजना आखणाऱ्यांचा नकाशा बहुधा कोऱ्या कागदावर काढलेला असतो. जुने पाडा, नवे बांधा, मग सुरू करा. रस्त्याला, कचेरीच्या इमारतीला हे चालते. ज्या नळाच्या आत जीव बसले आहेत, ज्या बांधाच्या आधाराने गाव जगते, तिथे नाही चालत. तिथे जुने चालू ठेवून नवे रुजवावे लागते आणि नव्यात वस्ती झाल्याखेरीज जुने काढता येत नाही. त्याला लागणारा वेळ हा वाया गेलेला वेळ नसतो, कामच ते असते. खर्चाच्या अंदाजपत्रकात मात्र त्या वेळासाठी रकाना नसतो, हे मी रोज पाहतो.

एक शेवटचे. वेस्टमिन्स्टरच्या त्या मोलकरणीचे नाव उरले नाही. क्रिस्टल पॅलेसच्या बाष्पयंत्रात रात्रभर कोळसा घालणाऱ्यांना आज कोण ओळखते? आपल्या गावोगावच्या मानशीवर रात्री-अपरात्री भरतीच्या वेळी जाऊन दार नीट मिटले की नाही ते पाहणारी माणसे होती. काही अजून आहेत. पाणी चालू ठेवणाऱ्यांची नावे कागदावर येत नाहीत, कारण पाणी चालू असते तोवर कोणाला त्यांची आठवण होत नाही. आपल्या गावच्या मानशीची देखरेख कोण करत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवावे, अशी वाचकांना विनंती. नाव, वाडा आणि साधारण साल, एवढे पुरे.